शोधेल त्याचा खेळ

जुन्या व्हिडिओ गेमची फाइल उघडून तिच्यात मनासारखे फेरफार करण्याला हॅक म्हणतात. संगणकावरच्या खेळांच्या बाबतीत त्यालाच मॉड म्हणायची पद्धत आहे, आणि बेळगाव-निपाणीकडच्या दुकानांत या दोन्हींना मिळून ‘पॅच’ म्हणून मोकळे होतात. अशा फेरफारात मारिओच्या जागी दुसराच कोणी उड्या मारतो, सोपी स्टेज अवघड होते, जपानी संवाद इंग्रजीत येतात किंवा निवृत्त झालेला फलंदाज पुन्हा सलामीला उतरतो. ही कामे चाहते हौसेने करतात, त्याचे पैसे घेत नाहीत आणि काम झाले की ते एखाद्या साइटवर ठेवून देतात. इथपर्यंत सगळे सुरळीत असते. ठेवलेली वस्तू दुसऱ्याला सापडावी ही जबाबदारी कोणाची, हे मात्र ठरलेले नसते. बनवणाऱ्याला वाटते, ज्याला हवे तो शोधेल. शोधणाऱ्याला दोन रात्री शोधून काही मिळत नाही, तेव्हा अशी वस्तू जगात नसावी असे मानून तो स्वतःच ती बनवायला बसतो. परिणामी एकाच खेळाचे एकसारखे पाच हॅक तयार होतात आणि तिसऱ्याचे शोधणे आणखी अवघड होते.

हे फेरफार आकाराने किरकोळ असतात. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो. व्हॉट्सअॅपवर येणारी लग्नपत्रिका याच्यापेक्षा जड असते. त्यातला बदल तेवढा साठवला तर तो काही शे बाइटांतही मावतो. एवढीशी वस्तू हरवायला वेळ लागत नाही, आणि हरवली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

बेळगाव-निपाणीच्या या सीमाभागाला हॅक नवे नाहीत. मात्र आपण खेळतो आहोत तो हॅक आहे, हे इथल्या एका अख्ख्या पिढीला ठाऊक नव्हते. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या १९८३ च्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्यांत पिवळी कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची, हा विधी बेळगावच्या शहापुरात, टिळकवाडीत आणि निपाणीत सारखाच होता. या कॅसेटींवर ‘टँक’ नावाने जो खेळ मिळे, तो ‘टँक १९९०’ म्हणजे नामको कंपनीच्या १९८५ च्या ‘बॅटल सिटी’मध्ये अज्ञात हातांनी केलेला फेरफार होता. ‘सुपर मारिओ १४’ नावाचा खेळही फिरत असे. निन्टेन्डोने चौदावा मारिओ काढलेलाच नव्हता. ‘काइकेत्सु यांचामारू ३’ या भलत्याच जपानी खेळाच्या नायकाला मारिओचे रूप देऊन तो बाजारात आणला होता. ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टूनवरच्या खेळातल्या नायकाच्या धडावर मारिओचे डोके बसवून त्याला ‘७ ग्रँड डॅड’ असे नाव दिल्याचाही दाखला आहे. पहिले सहा ग्रँड डॅड कुठे गेले, याची चौकशी कोणी केली नाही.

कॅसेटीवरची यादी हा या भागात पोहोचलेला हॅकांचा पहिला कॅटलॉग. ती जवळून पाहण्यासारखी असे. टीव्ही लावला की समुद्र, त्यावर उडणारे पक्षी आणि मागे ‘अनचेन्ड मेलडी’ या इंग्रजी गाण्याची टिणटिण चाल, असा प्रवेश होई. वर लिहिलेले असे, ९९९९९९९ इन १. एकेक खेळ एकेक मिनिट खेळायचा म्हटला तरी जेवणखाण आणि झोप वगळून एकोणीस वर्षे लागतील, असा हा आकडा. यादीत पहिला कॉन्ट्रा, मग मारिओ, मग टँक. थोडे खाली गेले की पुन्हा कॉन्ट्रा, पण दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारा. आणखी खाली तीस लाइफवाला कॉन्ट्रा. त्याच्याखाली वेगळ्याच नावाचा एक खेळ, आणि तो लावला की पुन्हा कॉन्ट्रा. मूळ खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळी त्यांचीच रूपे.

आजच्या साइटींवर जे जे दोष दिसतात, ते सगळे या यादीत आधीच हजर होते. संख्या फुगवलेली होती, एकच वस्तू अनेकदा मांडलेली होती, नावे चुकीची होती, आणि आत काय आहे ते लावल्याशिवाय कळायचे नाही. फरक एवढाच की कॅसेटीची यादी एका दुपारी चाळून संपत असे. साइटीवरची संपत नाही.

हॅक शोधण्याचा या भागातला आजचा सर्वांत जिवंत प्रसंग क्रिकेटचा आहे. ‘इए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ हा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये निघाला. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने तो बनवला आणि रिची बेनॉ व मार्क निकोलस यांनी त्याचे समालोचन केले. त्यानंतर इए कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा असा खेळ पुन्हा काढला नाही. भारतीय संघाचा परवाना नसल्यामुळे खेळाडूंची नावे मोडूनतोडून घातलेली होती, आणि आयपीएल तर सुरूच झाली एप्रिल २००८ मध्ये. म्हणजे भारतीय गिऱ्हाइकाला जे हवे, नेमके तेच खेळात नव्हते. चाहत्यांनी ते भरून काढले. खरी नावे, नवे गणवेश, बॅटींवरची चित्रे, मैदाने, चेहरे, पडद्यावरची धावफलकाची पट्टी, एवढेच नव्हे तर हिंदी समालोचनसुद्धा त्यांनी घातले. दर उन्हाळ्यात नवा आयपीएल पॅच निघतो आणि जुन्या खेळाची पुन्हा तारुण्यात पाठवणी होते. नव्या खेळांना लागणारे ग्राफिक कार्ड नसलेल्या, घरातल्या मोठ्या भावाकडून खाली आलेल्या संगणकावर तो चालतो, हे त्याच्या दीर्घायुष्याचे खरे कारण. सीमाभागात त्याला आणखी एक उपयोग आहे. इथे एकाच घरात एक मुंबईवाला आणि एक आरसीबीवाला निघतो, आणि त्यांचा निकाल संगणकावर लावता येतो. आरसीबीने पहिली आयपीएल ३ जून २०२५ रोजी जिंकली. पॅचमध्ये ती त्याआधी कित्येक वर्षे जिंकत होती.

आता हा पॅच शोधणे पाहावे. निपाणीतला एखादा कॉलेजचा विद्यार्थी संध्याकाळी संगणकापुढे बसतो आणि खेळाचे नाव, साल, ‘आयपीएल पॅच’, ‘हंड्रेड परसेंट वर्किंग’ असे एका दमात टाइप करतो. वर येतो एक व्हिडिओ. त्यातली पहिली दोन मिनिटे संगीत, पुढची तीन मिनिटे चॅनेल सबस्क्राइब करण्याची विनंती. लिंक खाली दिलेली. लिंक उघडली की जाहिरातीचे पान आणि ‘दहा सेकंद थांबा’ अशी सूचना. दहा सेकंद थांबल्यावर तसलेच दुसरे पान. शेवटी ‘न्यू फायनल फिक्स्ड टू’ अशा नावाची फाइल उतरते. ती उघडायला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड दुसऱ्या व्हिडिओत असतो. तेवढ्यात घरातून ‘काय करूलास रे अजून?’ अशी हाक येते. रात्री अकरा वाजता पॅच लागतो आणि लक्षात येते की २०२५ चा म्हणून उतरवलेल्या या पॅचमध्ये चेन्नईचा कर्णधार अजून धोनीच आहे. त्या मोसमात खरा कर्णधार ऋतुराज गायकवाड याचे कोपर दुखावले आणि एप्रिलमध्ये धोनी खरोखरच पुन्हा कर्णधार झाला. त्यामुळे तो शिळा पॅच काही आठवडे आपोआप ताजा ठरला. एवढे भाग्य प्रत्येक शोधणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

या सगळ्या फेऱ्यात पॅच बनवणाऱ्याचा दोष फारसा नसतो. बहुधा त्याने तो ‘प्लॅनेट क्रिकेट’सारख्या ठिकाणी नीट ठेवलेला असतो. पण तिथे तो एका लांबलचक चर्चेच्या चाळिसाव्या पानावर, कोणाच्या तरी शंकेला उत्तर म्हणून दिलेला असतो. वस्तू जिथे बनते तिथे शोधता येत नाही, आणि जिथे शोधता येते तिथे वस्तू धड नसते. हॅक सापडण्याचा सगळा प्रश्न या दोन टोकांना जोडण्याचा आहे.

पहिली अडचण नावाची. शोधणारा कानाने ऐकलेले नाव टाइप करतो. कॉन्ट्रा ‘सी’ने सुरू होतो की ‘के’ने, हे कॅसेटीवर वाचायला त्या वेळी कोणाला सवड होती? साइटीचा शोध अक्षरशः शोधणारा असेल तर ‘के’वाल्याला कोरे पान मिळते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये दोन शब्दांतले अंतर मोजण्याची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचे. ‘सी’चा कॉन्ट्रा आणि ‘के’चा कॉन्ट्रा यांत अंतर एक. साइटीने एक-दोन अंतरावरचे शब्दही दाखवावेत, म्हणजे निम्मी भांडणे मिटतात.

निम्मीच मिटतात, हे बेळगावकराला सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या रोमन स्पेलिंगवरून नव्यावर यायला एक अक्षर घालावे आणि दोन बदलावी लागतात, म्हणजे अंतर तीन. तेवढ्या अंतरात दुसरे गावही येऊन बसते. म्हणून नुसत्या अक्षरांच्या अदमासावर विसंबून न राहता प्रत्येक हॅकाच्या पानावर त्याची सगळी पर्यायी नावे लिहून ठेवावी लागतात: जपानी नाव, अमेरिकेतले नाव, युरोपातले नाव, लोकांत चालणारे लघुरूप आणि सर्रास होणारे चुकीचे स्पेलिंग. चुकीचे स्पेलिंग लिहून ठेवण्यात कमीपणा मानणाऱ्या साइटी शुद्ध राहतात आणि ओस पडतात.

नावे कितीही बदलली तरी वस्तू तीच आहे हे सांगणारी एक खूण मात्र न बदलणारी हवी. शहराचे नाव बदलले तरी रेल्वे स्थानकाचा ‘बीजीएम’ आणि सांबऱ्याच्या विमानतळाचा ‘आयएक्सजी’ हे संकेत जागच्या जागी राहिले, आणि प्रवाशांचे सामान योग्य ठिकाणी पोहोचत राहिले. फाइलींच्या जगात हे काम चेकसम करतो. फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून हिशेबाने काढलेला तो एक आकडा असतो. फाइलीचे नाव कोणी ‘मारिओ १४’ ठेवो की ‘माझा गेम’, आतला मजकूर तोच असेल तर आकडा तोच येतो. साइटीने हा आकडा नोंदवून ठेवला तर एकच हॅक वेगवेगळ्या नावांनी पाच वेळा चढवता येत नाही. वेगळ्याच नावाखाली दडलेल्या कॉन्ट्राचे पितळही जागच्या जागी उघडे पडते.

दुसरी अडचण वर्णनाची. हॅक बनवणारा सहा महिने काम करतो आणि वर्णनाच्या रकान्यात लिहितो, ‘मस्त आहे, खेळून बघा.’ यात माहिती कोणतीही नसते. वर्णन लिहायला लावण्याची सर्वांत जुनी आणि यशस्वी युक्ती ‘डूम’ या १९९३ च्या खेळाच्या चाहत्यांनी काढली. ‘आयडीगेम्स’ नावाच्या त्यांच्या भांडारात प्रत्येक नव्या स्टेजबरोबर एक साधी मजकूर फाइल जोडायची रीत होती, आणि तिचा ठरावीक नमुना सगळ्यांना एकच. नाव, लेखक, कोणत्या खेळासाठी, एकट्याने खेळायचा की जोडीने, अवघडपणाच्या पायऱ्या आहेत की नाहीत, बनवायला किती वेळ लागला, कोणती साधने वापरली आणि कोणते दोष ठाऊक आहेत, असे रकाने त्यात होते. सरकारी अर्जाची नावड असणारे लोकही हा अर्ज भरत, कारण तो भरल्याशिवाय त्यांचा खेळ कोणी घेत नसे. ‘ठाऊक असलेले दोष’ हा रकाना तर इतका प्रामाणिक आहे, की तो इतर क्षेत्रांत अजून पोहोचलेला नाही.

याच्या नेमके उलटे टोक म्हणजे सगळे वर्णन फाइलीच्या नावात कोंबणे. जुन्या खेळांच्या फाइलींची छाननी करणाऱ्या ‘गुडटूल्स’ या साधनांनी चौकटी कंसातल्या खुणा रूढ केल्या. उद्गारचिन्ह असेल तर प्रत अस्सल, ‘बी’ असेल तर खराब, ‘एच’ असेल तर हॅक, ‘पी’ असेल तर चोरटी, आणि ‘टी’पुढे अधिकचिन्ह असेल तर भाषांतराची नवी आवृत्ती. जाणत्याला एका नजरेत सगळे कळते. नवख्याला मात्र आपला संगणक बिघडला असे वाटते. खुणा यंत्रासाठी ठेवाव्यात आणि पानावर माणसासाठी दोन वाक्ये लिहावीत, हा यातला मध्यममार्ग. पहिल्या वाक्यात काय बदलले ते, दुसऱ्यात काय बदललेले नाही ते. दुसरे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि शोधणाऱ्याला हवे असते नेमके तेच. मारिओची नुसती टोपी निळी केली आहे की सगळ्या स्टेज नव्या आहेत, यावर त्याची रविवारची दुपार अवलंबून असते.

तिसरी अडचण वर्गवारीची. बहुतेक साइटी सुरुवातीला कप्पे पाडतात: मारिओचे हॅक इथे, भाषांतरे तिथे, अवघड हॅक पलीकडे. मग मारिओच्या अवघड हॅकाचे भाषांतर येते आणि ते कोणत्या कप्प्यात घालायचे यावर व्यवस्थापकांमध्ये आठवडाभर वाद होतो. एका वस्तूला एकच जागा असते, या गृहीतकाचा हा परिणाम. हे गृहीतक निपाणीत टिकत नाही. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे. अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. आणि पत्त्यातला पिनकोड ५९१२३७, तो कर्नाटकातल्या निपाणीचा. गाव एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात आणि टपाल पहिल्याकडून. एकच कप्पा मागणाऱ्या फॉर्मपुढे हा पत्ता लिहिणारा घुटमळतो. तरी टपाल पोहोचते, कारण पोस्टमन कप्पा पाहत नाही. तो खुणा पाहतो, आणि त्या सगळ्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कप्प्यांऐवजी खुणा वापरायच्या, ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा माणूस भारतीय होता. शियाली रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी ते लंडनला गेले असताना तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून वेगवेगळी यंत्रे होतात, तसा पुस्तकाचा विषयही सुट्या पैलूंतून जोडता येईल, असे त्यांच्या मनात आले. त्यातून १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. आज खरेदीच्या साइटींवर डाव्या बाजूला किंमत, रंग, माप अशा चौकटींवर टिचक्या मारून यादी आखडत नेता येते, त्यामागे हाच पैलूंचा विचार आहे. खेळण्याच्या दुकानात सुचलेली कल्पना खेळांच्या साइटींनी वापरायला संकोच करू नये. हॅकासाठी पुढील पैलू पुरतात: यंत्र, मूळ खेळ, बदलाचा प्रकार, भाषा, अवघडपणा, लांबी, पूर्ण की अर्धवट, आणि वर्ष. यांतले कोणतेही तीन निवडले की हजारांची यादी दहावर यावी.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवावा, हा साइट बांधणाऱ्यांच्या टेबलासमोर टांगून ठेवावा असा आहे. पैलूंच्या नावाखाली काही साइटी शंभर खुणा उघडतात. त्यांत ‘मजेदार’, ‘गंमतीदार’ आणि ‘मजेशीर’ अशा तीन वेगळ्या खुणा निघतात, आणि त्या तिन्हींत वेगवेगळे हॅक सापडतात. खुणा वापरणाऱ्यांना सुचवू द्याव्यात, पण त्यांचे विलीनीकरण करणारा एक कडक माणूस नेमावा.

अवघडपणाचा पैलू वेगळा काढून सांगावा लागतो, कारण त्यात चूक झाली की माणसे दुखावतात. २००७ च्या सुमारास ताकेमोटो या जपानी चाहत्याने ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चा एक हॅक केवळ मित्राला छळण्यासाठी बनवला. त्यात उडी मारावी तर डोक्यावर अदृश्य वीट, आणि स्टेज जिंकली असे वाटावे तोच मरण. त्यावरून अशा हॅकांना ‘कायझो’ म्हणू लागले. लहानपणी पिवळ्या कॅसेटीवर मारिओ खेळलेला आणि आता चाळिशीकडे झुकलेला माणूस जुन्या आठवणीने ‘मारिओ हॅक’ उतरवतो. त्याच्या हाती कायझो पडला तर पहिल्या दहा सेकंदांत तो पाच वेळा मरतो आणि आपले वय झाले असा चुकीचा निष्कर्ष काढतो. ‘एसएमडब्ल्यू सेंट्रल’ या साइटीने यावर चांगला तोडगा काढला आहे. तिथे साधे हॅक आणि कायझो हे प्रकार वेगळे, दोन्हींत अवघडपणाच्या पायऱ्या वेगळ्या, आणि बाहेर पडायचे मार्ग किती तेही लिहिलेले. मूळ खेळात ते ९६ आहेत, त्यावरून लांबीचा अंदाज येतो. शिवाय आलेला हॅक स्वयंसेवक आधी स्वतः खेळून पाहतात आणि मगच यादीत घेतात. रांग लांबते, पण यादीतली वस्तू निदान सुरू होते.

चित्र हा पुढचा मुद्दा. बहुतेक पानांवर खेळाच्या नावाच्या पडद्याचे चित्र असते, आणि तो पडदा मूळ खेळासारखाच असतो, कारण तो बदलण्याआधीच बनवणारा दमलेला असतो. ज्या ठिकाणी फरक दिसतो तिथले चित्र लावावे. शक्यतो मूळ आणि बदललेले शेजारी शेजारी.

मग येतात तारे. नव्या हॅकाला एकच मत पडते, पाच तारे, आणि ते बहुधा चिकोडीच्या मावसभावाचे असते. नुसती सरासरी काढली तर हा हॅक यादीत पहिला येतो आणि चारशे जणांनी खेळून नावाजलेला खाली जातो. चित्रपटांच्या ‘आयएमडीबी’ या साइटीने आपल्या पहिल्या अडीचशेच्या यादीसाठी यावर जो उपाय वापरला, तो इथेही लागू पडतो. मते थोडी असतील तर गुण सर्वसाधारण सरासरीकडे ओढून धरायचे, आणि मते वाढतील तसे सैल सोडायचे. मावसभावाचे प्रेम त्यामुळे कमी होत नाही, फक्त त्याचे वजन ठरते.

उलट बाजूने, सर्वांत जास्त वेळा उतरवलेले वर ठेवले तर तेच तेच वर राहतात. लोक वरचे उतरवतात, म्हणून ते वर राहतात, म्हणून लोक ते उतरवतात. हे चक्र तोडायला यंत्रापेक्षा माणूस बरा. ‘मुलांबरोबर खेळण्याजोगे’, ‘एका बैठकीत संपणारे’, ‘मूळ खेळातले दोष काढणारे’ अशा छोट्या याद्या जाणत्यांनी केल्या की कधी कोणाला न दिसलेले हॅकही उजेडात येतात. ‘कोणताही एक दाखवा’ असे बटणही ठेवावे. ज्याला काय हवे ते ठाऊक नाही, अशा शोधणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची सोय कोणी पाहत नाही.

हॅक सापडला तरी काम संपत नाही. तो लागायला हवा. साइटींवर पूर्ण खेळ न ठेवता फक्त फरकाची फाइल ठेवतात, कारण मूळ खेळाचे हक्क कंपनीचे असतात आणि भारतातही १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रणालीला लागू आहे. मूळ प्रत ज्याची त्याने आणायची, फरक तिच्यावर चढवायचा. जुना ‘आयपीएस’ हा पॅचचा प्रकार विश्वासू आहे, पण चौकस नाही. त्याला कोणतीही फाइल दिली तरी तो सांगितलेल्या जागी सांगितलेले बाइट लिहून मोकळा होतो. अमेरिकी प्रतीचा पॅच जपानी प्रतीवर चढवला तरी हू की चू करत नाही. खेळ सुरू केल्यावर काळा पडदा येतो आणि शोधणारा हॅक बनवणाऱ्याला दोष देतो. नंतरच्या ‘बीपीएस’ प्रकारात मूळ फाइलीचा चेकसम आतच असतो, त्यामुळे चुकीची प्रत दिली तर तो नकार देतो. म्हणून पानावर पॅचचा प्रकार, मूळ प्रतीचा देश, आवृत्ती आणि चेकसम या चार गोष्टी ठळक असाव्यात. ‘लागत नाही’, ‘आगंगिल्ला’ आणि ‘नॉट वर्किंग ब्रो’ या तीन भाषांतल्या तक्रारींचे मूळ बहुधा या चारांपैकी एकात असते.

क्रिकेटच्या पॅचना चढवण्याचा क्रमही असतो. आधी मुख्य पॅच, मग खेळाडूंची यादी, मग गणवेश, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बिघडवलेले दुरुस्त करणारा पॅच. कोणता पॅच कोणावर अवलंबून आहे आणि कोणाशी त्याचे पटत नाही, हे दोन्ही पानावर दुव्यांसह लिहावे. जुन्या आवृत्तीच्या पानावर नव्या आवृत्तीचा दुवा द्यावा, पण जुनी काढून टाकू नये. कोणाचा तरी संगणक तिच्यावरच चालत असतो.

शेवटची अडचण टिकण्याची. पॅचचे पान राहते आणि फाइल जाते, असे वारंवार घडले आहे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, मेगाअपलोडवर जानेवारी २०१२ मध्ये टाच आली, रॅपिडशेअर मार्च २०१५ मध्ये मिटली. प्रत्येक वेळी हजारो दुवे मेले. फाइल दुसऱ्याच्या जागेत ठेवून साइटीवर नुसता दुवा देण्याची ही किंमत होती. हॅकांची सर्वांत मोठी नोंदवही मानली जाणारी ‘रॉमहॅकिंग डॉट नेट’ ही २००५ ची साइटही ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या नोंदी घ्यायची थांबली. मात्र तिने थांबताना आपले भांडार नोंदींसकट इंटरनेट अर्काइव्हकडे सोपवले. प्रत्येक फाइलीबरोबर मूळ खेळ, आवृत्ती, चेकसम आणि वर्णन गेले, म्हणून ते भांडार आजही चाळता येते. पॅच निदान दोन ठिकाणी ठेवावा आणि त्याची माहितीची फाइल दोन्हीकडे जोडलेली असावी, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. नुसती फाइल जपणाऱ्यांच्या वारसांना ‘न्यू फोल्डर २’ मिळतो, आणि त्यात आणखी एक ‘न्यू फोल्डर २’.